अमेरिकेत रॉबिन घरटं कधी बांधतो?

मध्यंतरात शेजारच्या खुर्चीतल्या पारशी बाईंनी पर्समधून रुमाल काढला, चष्मा पुसला आणि माझ्याकडे वळून सांगितलं की हा ऑपेरा त्या सहाव्यांदा बघताहेत, आणि दर वेळी त्यांना वाटतं की आज तरी ही मुलगी लग्नाची मागणी घालणाऱ्या यामादोरीला हो म्हणेल. नरिमन पॉइंटला एनसीपीएच्या सभागृहात न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेराचं ‘मादामा बटरफ्लाय’ पडद्यावर चाललं होतं. मी त्यांचा हात धरला, कारण मलाही नेमकं तेच वाटत होतं. यामादोरी हा काही चांगला नवरा नव्हे. श्रीमंत आहे, बायका करून सोडण्याची त्याला सवय आहे. पण त्याच्या घरी ती निदान जिवंत राहिली असती.

गेली पंचवीसेक वर्षं मी ऑपेरा ऐकते आहे. त्यातला मोठा वाटा ‘बटरफ्लाय’चा संगीतकार जाकोमो पुच्चिनीनं खाल्ला. आणि जवळजवळ तेवढीच वर्षं मी त्याच्यावर रागावलेली आहे. त्याच्या नायिकांवर माझा जीव आहे, म्हणूनच राग आहे.

इटलीतल्या लुक्का गावात १८५८ साली जन्मलेला हा माणूस. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चर्चचे संगीतकार. वडील गेले तेव्हा हा पाच वर्षांचा, मग आई आणि बहिणींच्या गोतावळ्यात वाढला. बाईच्या आवाजात काय काय असतं हे त्याच्याइतकं फार थोड्यांना कळलं. आणि त्या बायकांचं त्यानं काय केलं? मानोन (१८९३) न्यू ऑर्लिन्सजवळच्या ओसाड माळावर तहानेनं मरते. मिमी (१८९६) पॅरिसमध्ये क्षयानं. तोस्का (१९००) रोमच्या किल्ल्यावरून उडी घेते. चो-चो-सान, म्हणजेच बटरफ्लाय (१९०४), बापाच्या सुरीनं. सिस्टर आंजेलिका (१९१८) विष पिऊन. लिऊ खंजिरानं, तीही ‘तुरांदोत’मध्ये, जो ऑपेरा पुच्चिनीच्या हातून पुरा झालाच नाही.

ऑपेरात बायका मरायच्याच, असं यावर म्हणतात. ते खरंही आहे. कॅथरीन क्लेमाँ या फ्रेंच लेखिकेनं १९७९ साली या मरणांवर अख्खं पुस्तक लिहिलं, त्यात आरोपी एकटा पुच्चिनी नाही. पण दुसऱ्यांकडे बाईला शाप मारतो, राजकारण मारतं, घराण्याचं वैर मारतं. पुच्चिनीकडे ती बारीकसारीक वस्तूंमधून मरते. एक मेणबत्ती, एक किल्ली, एक टोपी, हात गरम ठेवायची एक लोकरी मफ. त्या वस्तू आपल्या घरातल्या वाटतात, म्हणून ते मरण आपल्या घरातलं वाटतं. आणि तो ते इतकं सुरेल करतो की ते संपू नये असं वाटतं. माझं दुखणं इथेच आहे. मला त्या मरणावर रडायला आवडतं, आणि आपल्याला ते आवडतं हे मला सहन होत नाही.

बटरफ्लायकडेच जाऊ, कारण सगळा खटला तिच्याच घरात चालतो.

नागासाकीच्या टेकडीवरचं घर पिंकर्टन या अमेरिकन नौदल अधिकाऱ्यानं ९९९ वर्षांच्या करारानं घेतलं आहे, पण दर महिन्याला तो करार मोडायची मुभा आहे. बायकोचा करारही तसाच. गोरो हा मधला दलाल, आपल्या ‘शारदे’तल्या भद्रेश्वर दीक्षिताच्या जातकुळीचा. नवरी अजून पोचलेलीही नाही तेव्हा पिंकर्टन वकिलातीतल्या शार्पलेसबरोबर पेला उंचावतो, तो ज्या दिवशी आपण खऱ्या अमेरिकन मुलीशी खरं लग्न करू त्या दिवसाच्या नावानं. मग ती येते. शार्पलेस वय विचारतो, ती ओळखायला लावते. दहा? जास्त. वीस? कमी. बरोब्बर पंधरा, मी म्हातारीच झाले, असं ती लाडानं म्हणते. शार्पलेस म्हणतो, हे तर खेळायचं वय. पिंकर्टन म्हणतो, आणि मिठाईचं.

हे सगळं पुच्चिनीनं आणि त्याचे शब्दकार इल्लिका व जाकोसा यांनी लिहून ठेवलेलं आहे. कोणी आजच्या नजरेनं वाचून काढलेलं नाही. पण रंगमंचावर ते ऐकू येत नाही. ही भूमिका गायला फार दमदार आवाज लागतो, तो पस्तिशी-चाळिशीतच पिकतो. समोर उभी असते एक भरल्या वयाची, तालेवार गायिका. ‘पंधरा’ हा शब्द इटालियनमध्ये येतो आणि निघून जातो. त्यानंतर थोड्या वेळानं जे प्रेमगीत सुरू होतं ते पुच्चिनीच्या सगळ्या प्रेमगीतांत देखणं. आपण त्यात विरघळतो आणि काय चाललं आहे ते विसरतो.

मग तीन वर्षं. पैसे संपत आलेत, दासी सुझुकी जपानी देवांपुढे बसून विनवते आहे. शार्पलेस पत्र घेऊन येतो. ते पत्र वाचून दाखवायचं, म्हणजे पिंकर्टननं अमेरिकेत लग्न केलं हे तिला कळेल, एवढंच त्याचं काम. आणि ती त्याला विचारते, अमेरिकेत रॉबिन पक्षी घरटं कधी बांधतो? पिंकर्टन जाताना म्हणाला होता, रॉबिन घरटी बांधतील त्या मोसमात परत येईन. इथे तर तीनदा घरटी झाली. तिकडे कदाचित इतक्या वेळा बांधत नसतील. शार्पलेस म्हणतो, मला पक्ष्यांचा अभ्यास नाही.

या प्रश्नाला वेडी आशा म्हणून सोडून देणं मला पटत नाही. तिच्यापाशी पुरावा आहे आणि तो तिच्या विरुद्ध जातो आहे, हे तिला दिसतंय. म्हणून ती दुसरा पुरावा शोधते. हे हुशार मुलीचं वागणं आहे. थोड्या वेळानं यामादोरी येतो. गोरो सांगतो, नवऱ्यानं टाकलं की कायद्यानं काडीमोड झालाच. ती म्हणते, तो जपानचा कायदा, माझ्या देशाचा नाही. कुठला तुझा देश? अमेरिका. तिथे म्हणे बायको सोडायला निघालेल्या नवऱ्याला न्यायाधीश तुरुंगात टाकतो! नाटकी आवाजात ती न्यायाधीशाची नक्कलही करते. तिची माहिती चुकीची आहे, पण ती हक्काची भाषा बोलते आहे. शार्पलेस अखेर विचारतो, तो परत आलाच नाही तर? वाद्यवृंद दोन ठोके देतो, छातीवर बसावेत तसे. ती शांतपणे सांगते, दोनच गोष्टी करता येतील. पुन्हा लोकांपुढे गाऊन पोट भरायचं, किंवा मरायचं, तेच बरं. आणि आत जाऊन मूल घेऊन येते.

त्या रात्री बंदरात जहाज लागतं. ती कागदी पडद्याला तीन भोकं पाडते. सर्वात वरचं स्वतःसाठी, त्याखाली सुझुकीसाठी, अगदी खालचं मुलासाठी, त्याला उशीवर बसवलेलं असतं. तिघं बाहेर बघत राहतात. दूरवरून नुसतं गुणगुणणं ऐकू येतं, शब्द नाहीत. पुच्चिनीनं १९०० साली लंडनमध्ये बेलास्को या अमेरिकन नाटककाराचं नाटक पाहिलं, तेव्हा त्याला इंग्रजी जेमतेमच समजत होतं. तरी तो या गोष्टीनं झपाटला. शब्दांच्या अलीकडचं त्याला नेहमीच आधी कळत असे.

एवढं बारकाईनं एखाद्या मुलीकडे बघणारा माणूस तिला तुच्छ मानत नाही. याच कारणानं मी पुच्चिनीला सोडू शकत नाही. त्याच्या पुरुषांपाशी गाणी आहेत, पण बुद्धी बायकांपाशी आहे. ‘ला बोएम’मध्ये पहिल्या भेटीत मिमीची किल्ली अंधारात पडते. रोदोल्फोला ती सापडते, तो गुपचूप खिशात टाकतो आणि शोधायचं नाटक करत तिचा गारठलेला हात हातात घेतो. सगळ्या जगाला पाठ असलेला हा प्रसंग. पण शेवटच्या अंकात, मरणाच्या दारात, मिमी त्याला म्हणते की आता सांगायला हरकत नाही, किल्ली तुला फारच लवकर सापडली होती. म्हणजे तिला माहीत होतं. पहिल्या मिनिटापासून. ही काही फुलं भरणारी भाबडी पोर नव्हे. या वाक्याला कोणी टाळी देत नाही, ते हलकेच येऊन जातं. मला मात्र त्या पूर्ण ऑपेरात हेच सर्वांत मोलाचं वाटतं.

तोस्काही तशीच. तिच्यावर डोळा ठेवणाऱ्या पोलीसप्रमुख स्कार्पियाला सुरा खुपसल्यावर ती पळत नाही. बोटं पुसते, केस सारखे करते, त्याच्या मुठीतलं परवानापत्र काढून घेते. मग दोन मेणबत्त्या त्याच्या दोन बाजूंना ठेवते आणि छातीवर क्रूस. मारून झाल्यावर मेलेल्याचं जे करायचं ते करते, कारण तिचा देव तिच्यापाशी शाबूत आहे. ज्या बाईला आपण मत्सरी, नाटकी, आरशात बघणारी म्हणून दोन अंक ओळखतो, ती या चार मिनिटांत केवढी होऊन जाते! आणि त्यानंतर तिला किल्ल्यावरून उडी मारायला लावतातच.

लिऊच्या बाबतीत मात्र मी पुच्चिनीला माफ करू शकलेले नाही.

‘तुरांदोत’ची राजकन्या कोड्यांचं उत्तर न देणाऱ्यांची मुंडकी उडवते. तिच्यामागे वेडा झालेला राजपुत्र कालाफ. आणि त्याच्या म्हाताऱ्या आंधळ्या बापाला भीक मागून पोसणारी गुलाम मुलगी लिऊ. एवढे हाल का सोसलेस, असं कालाफ विचारतो, तर ती सांगते की एकदा राजवाड्यात तुम्ही माझ्याकडे बघून हसला होतात. बस्स, एवढ्यावर तिचा सगळा जन्म. तिसऱ्या अंकात कालाफचं नाव काढून घ्यायला तिचा छळ होतो. ते नाव तोंडून निघू नये म्हणून ती शिपायाचा खंजीर हिसकून स्वतःला संपवते. कालाफ तिथेच उभा असतो. तिचं प्रेत उचलून नेतात आणि तो राजकन्येकडे वळतो, तिचं चुंबन घ्यायला.

ज्या जुन्या इटालियन नाटकावरून हे उचललं त्यात लिऊ नाही. ती पुच्चिनीनं आणि त्याच्या शब्दकारांनी घडवली. ती का घडवावीशी वाटली, याचा विचार करताना १९०९ साल आठवल्याशिवाय राहत नाही. तोर्रे देल लागोच्या त्याच्या घरात दोरिया मान्फ्रेदी नावाची तरुण मुलगी कामाला होती. पुच्चिनीची बायको एल्विरा हिनं तिच्यावर नवऱ्याशी संबंध असल्याचा आळ घेतला, गावभर बदनामी केली. दोरियानं विष घेतलं. शवविच्छेदनात ती निर्दोष असल्याचं निघालं. तिच्या घरच्यांनी खटला भरला, एल्विराला शिक्षा झाली आणि पुच्चिनीनं पैसे देऊन प्रकरण मिटवलं. लिऊमध्ये दोरिया आहे असं पुष्कळ अभ्यासक मानतात. असेलही. पण मग मला विचारावंसं वाटतं, की त्या मुलीला दुसऱ्यांदा का मारलं? प्रायश्चित्त म्हणून तिला गाणं दिलंत, तर जगायला का दिलं नाहीत?

पुच्चिनी त्या प्रसंगापुढे जाऊ शकला नाही. लिऊची अंत्ययात्रा लिहून झाली, आणि पुढच्या प्रेमगीताशी तो शेवटपर्यंत झगडत राहिला. २९ नोव्हेंबर १९२४ ला ब्रसेल्समध्ये घशाच्या कर्करोगावर उपचार चालू असताना गेला, सोबत त्या गीताचे कच्चे कागद होते. २५ एप्रिल १९२६ ला मिलानच्या ला स्काला या ऑपेरागृहात पहिल्या प्रयोगाला वाद्यवृंदाचा संचालक तोस्कानिनीनं लिऊच्या मरणानंतर छडी खाली ठेवली आणि प्रयोग तिथेच संपवला. नंतर फ्रांको आल्फानो या संगीतकारानं पुरा केलेला शेवट वाजू लागला. मला वाटतं, पुच्चिनीला तो शेवट सुचला नाही तो आजारामुळेच असं नाही. समोर ताजं प्रेत असताना प्रेमगीत कसं लिहायचं? त्याच्या कानानं त्याला सांगितलं की हे होणार नाही. लेखणीनं केलेला गुन्हा त्याच्याच कानानं पकडला.

मराठी माणसाला हे सगळं परकं वाटू नये. ‘एकच प्याला’तली सिंधू ठिगळांच्या लुगड्यात जातं ओढते आणि बालगंधर्वांच्या त्या रूपावर आपली आजोबा-पणजोबांची पिढी ढसाढसा रडली. सिंधूचं सोसणं जितकं थोर झालं तितका सुधाकर सुटला. उलट देवलांच्या ‘शारदे’कडे बघा. १८९९ साल, बटरफ्लायच्या पाचच वर्षं आधी. तिथेही कोवळी मुलगी, तिथेही पैसे मोजणारा पुरुष आणि मधला दलाल. पण देवलांचा रोख विकणाऱ्यावर आणि विकत घेणाऱ्यावर आहे. पोरगी नदीवर जीव द्यायला जाते, तिला वाचवतात. प्रेक्षक चिडून घरी जातो. मला वाटतं, रडून घरी जाणारा प्रेक्षक आणि चिडून घरी जाणारा प्रेक्षक यांत समाजाला दुसऱ्याचा उपयोग जास्त.

मग आज या ऑपेरांचं करायचं काय? हा प्रश्न आता परिसंवादात अडकलेला नाही, तो रंगमंचावर आला आहे. २०१८ साली फ्लोरेन्समध्ये बिझेच्या कार्मेननं शेवटी मरायच्या ऐवजी तिला मारायला आलेल्या डॉन होसेवर गोळी झाडली. २०२२ मध्ये लंडनच्या रॉयल ऑपेरा हाऊसनं आशियाई जाणकारांशी बोलून आपल्या ‘बटरफ्लाय’च्या जुन्या प्रयोगात दुरुस्त्या केल्या. २०२४ मध्ये वॉशिंग्टनला ख्रिस्तोफर टिन या संगीतकारानं ‘तुरांदोत’ला नवा शेवट दिला.

तुरांदोतचं मी समजू शकते, तो शेवट मुळात पुच्चिनीचा नाहीच. कितीही नवे शेवट लिहावेत, किंवा तोस्कानिनीसारखं लिऊपाशी थांबावं. मला तर थांबणंच बरं वाटेल. पण मरणाऱ्या नायिकेच्या हाती ऐन वेळी पिस्तूल देणं मला मान्य नाही. गुन्हा घडला होता. पंधरा वर्षांच्या मुली करारानं घेतल्या जात होत्या, सोडल्या जात होत्या, आणि त्यांतल्या कुणीही शेवटच्या अंकात जिंकली नव्हती. शेवट बदलून आपण त्यांना वाचवत नाही, स्वतःला बरं वाटून घेतो.

माझं म्हणणं उलट आहे. पुच्चिनीनं जे धीटपणे लिहिलं होतं आणि नंतर मवाळ केलं, ते परत आणा. १७ फेब्रुवारी १९०४ ला ला स्कालामध्ये ‘बटरफ्लाय’चा पहिला प्रयोग शिट्ट्या आणि आरडाओरड्यात बुडाला. पुच्चिनीनं तो लगेच मागे घेतला. मे महिन्यात ब्रेशियाला सुधारून केला आणि तो गाजला. पुढे १९०६ मध्ये पॅरिससाठी आणखी बदल झाले. या सुधारणांत सुटसुटीतपणा आला हे खरं, पण आणखीही काही झालं. मूळ संहितेत पिंकर्टन घरच्या नोकरांची नावं उच्चारायलाही तयार नाही, त्यांना थोबाड नंबर एक, दोन, तीन म्हणतो. ते गेलं. आणि शेवटच्या अंकात त्याला एक पश्चात्तापाचं गाणं मिळालं, फुलांच्या या घराचा निरोप घेणारं. गाणं सुंदर आहे, तेनोर, म्हणजे उंच पट्टीचे पुरुष गायक, ते जीव ओतून गातात, टाळ्या पडतात. त्या टाळ्यांत पिंकर्टन आपल्यातला एक दुःखी माणूस होऊन जातो. ती अजून जिवंत आहे, आत मूल आहे, आणि हा तिला तोंड न दाखवता पळून चालला आहे. तरी आपण त्याला टाळी देतो.

७ डिसेंबर २०१६ ला वाद्यवृंद-संचालक रिकार्डो शाय्यीनं ला स्कालाचा हंगाम त्या जुन्या, पहिल्या संहितेनंच सुरू केला. म्हणजे हे करता येतं. जिथे जिथे ‘बटरफ्लाय’ होईल तिथे निदान ते निरोपाचं गाणं काढावं, आणि पडदा उघडण्याआधी कार्यक्रमपत्रिकेत मुलीचं वय ठळक छापावं. संगीताला यानं धक्का लागत नाही. पुच्चिनीनं शेवटी जो सूर ठेवला आहे तो तर आमच्याच बाजूचा आहे. पिंकर्टनच्या हाका, वाद्यवृंदाचा गजर, आता समेवर येऊन संपेल असं वाटतं आणि शेवटच्या स्वरसंघात एक परका स्वर शिरतो. सम गवसतच नाही. अंगाला टोचत राहतं. मेट्रोपोलिटनच्या त्या प्रयोगात मूल म्हणजे एक लाकडी बाहुली आहे, काळे कपडे घातलेले तिघेजण ती चालवतात. सभागृहात दिवे लागले तरी माझ्या डोळ्यांपुढे त्या बाहुलीची मान होती.

आणि एक मागणं आहे, ते आपल्यासारख्या श्रोत्यांपाशी. पुच्चिनीची एक नायिका जिंकते. ‘ला फांचुल्ला देल वेस्त’मधली मिनी, १० डिसेंबर १९१० ला न्यूयॉर्कला पहिल्यांदा आलेली. कॅलिफोर्नियातल्या खाणकामगारांच्या वस्तीत ती दारूचा गुत्ता चालवते, त्या रांगड्या माणसांना बायबल वाचून दाखवते, कमरेला पिस्तूल बाळगते. आपल्या माणसाच्या जिवासाठी शेरीफशी पत्ते खेळते आणि हरायला आली की मोज्यात लपवलेली पानं काढून जिंकते. तिसऱ्या अंकात जमाव त्याला फासावर लटकवणार, तेव्हा ती घोड्यावरून येते. पिस्तूल रोखते, पण काम होतं ते बोलण्यानं. एकेकाला नावानं हाक मारून ती विचारते, तुझ्यासाठी मी काय केलं ते आठवतं का? शेवटी ते दोघं निघून जातात आणि मागे राहिलेले पुरुष रडतात.

ज्या वर्षी दोरिया गेली त्याच्या पुढच्याच वर्षी हा ऑपेरा आला, हे मी कधी विसरत नाही. पुच्चिनीला बाईला जगवता येत होतं. पण मिमी, तोस्का, बटरफ्लाय जगभर सतत होत असतात आणि मिनी त्या मानानं फार क्वचित. तिच्यात गुणगुणायला सोपं गाणं नाही, असं कारण देतात. ते खोटं नाही. पण मला वाटतं, तिकीट काढताना आपण कोणती बाई बघायला जातो तेही त्यात आहे. ऑपेरा कंपन्या खुर्च्या मोजतात, आणि खुर्च्यांवर आपण बसतो.

त्या संध्याकाळी खेळ संपल्यावर पारशी बाई बराच वेळ उठल्या नाहीत. मग म्हणाल्या, पुढच्या वेळी येणारच. मी त्यांना मिनीबद्दल सांगितलं. त्यांनी नाव विचारलं, पर्समधून छोटी वही काढली आणि मला अक्षरं सांगायला लावून लिहून घेतलं.